अध्यक्ष निवडताना काय तोलायचं : अनुभव, निर्णयबुद्धी की धर्म?

29 फेब्रुवारी 2008 रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांनी टेक्सासमध्ये एक टीव्ही जाहिरात आणली. रात्रीचे तीन वाजलेत, तुमची मुलं बिनघोर झोपली आहेत आणि व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय. जगात कुठंतरी काहीतरी घडलंय. हा फोन कोणी उचलावा असं तुम्हाला वाटतं? शेवटी चष्मा लावून फोन कानाला धरलेल्या क्लिंटन दिसतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी समोर उभा असलेला स्पर्धक नवखा आहे, एवढंच त्या जाहिरातीला सांगायचं होतं. तो स्पर्धक म्हणजे बराक ओबामा. ते तेव्हा सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, जेमतेम तीन वर्षं होते. ओबामांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. असा फोन एकदा वाजून गेलाय, इराकवर चढाई करायची का हे ठरवायचं होतं तेव्हा. आणि त्या वेळी क्लिंटन, रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन आणि अध्यक्ष बुश या तिघांचंही उत्तर चुकलं, असं ते म्हणाले.

अनुभव मोठा की निर्णयबुद्धी, हा वाद त्या निवडणुकीत असा उघडपणे झाला. धर्माचा वाद त्याच्या जोडीला होताच. रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्यांपैकी मिट रॉम्नी मॉर्मन या वेगळ्या पंथाचे आहेत म्हणून त्यांना भाषण करून खुलासा द्यावा लागला, माइक हकबी हे बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक म्हणून आयोवा राज्यात पुढे आले, आणि ओबामा लपून मुसलमान आहेत अशी अफवा ईमेलमधून घरोघरी फिरत राहिली. अनुभव, निर्णयबुद्धी आणि धर्म या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी इतक्या ठळकपणे समोर आल्या, की हा विषय समजून घ्यायला 2008 सारखी निवडणूक नाही. पण त्या आधीच्या इतिहासात बरंच काही दडलंय, त्यामुळे मागे जावं लागेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अनुभव आणि धर्म या दोन्ही गोष्टी निर्णयबुद्धीच्या शेजारी ठेवून तोलायच्या नसतात. त्या दोन्हींतून उमेदवाराची निर्णयबुद्धी कशी आहे याचा पुरावा शोधायचा असतो.

आधी पद समजून घेऊ

आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं काम करतात आणि पंतप्रधान लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच पदावर राहतात. अमेरिकेत अध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख आणि तोच सैन्याचा सरसेनापती. मंत्री तो स्वतः निवडतो, सिनेट फक्त संमती देते. अविश्वास ठरावाची सोय नाही. महाभियोगाची आहे, पण महाभियोगानं आजवर एकाही अध्यक्षाला पदावरून काढलेलं नाही. त्यामुळे माणूस निवडताना चूक झाली, तर ती चार वर्षं निस्तरावी लागते, आणि तिची झळ अमेरिकेबाहेरच्या लोकांनाही बसते.

एवढ्या मोठ्या पदासाठी संविधानातल्या अटी मात्र तीनच : जन्मतः नागरिकत्व, किमान 35 वर्षं वय आणि देशात 14 वर्षं वास्तव्य. शिक्षणाची अट नाही, आधी कुठलं पद भूषवलेलं असण्याची नाही. यातल्या पहिल्या अटीचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी 2023 पासून मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य आहेत. कायदे करू शकतात, अध्यक्षावर महाभियोगाचा ठराव मांडू शकतात, पण स्वतः अध्यक्ष होऊ शकत नाहीत, कारण त्यांचा जन्म भारतातला. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मराठी मुलामुलींना ती आडकाठी नाही.

आणि धर्माबद्दल संविधानाच्या सहाव्या कलमात अगदी स्वच्छ लिहिलंय, की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही. 1787 साली हे लिहिलं गेलं, तेव्हा अनेक राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांत अशा अटी होत्या, हे लक्षात घेतलं तर त्या वाक्याचं धाडस कळतं. मात्र हे बंधन सरकारवर आहे, मतदारावर नाही. मतदार पडद्याआड कुठल्याही कारणानं कोणालाही नाकारू शकतो, त्याला जाब विचारणारं कोणी नाही. म्हणूनच हा प्रश्न कायद्याचा उरत नाही, आपल्या सारासार विचाराचा होतो.

उन्हानं केस पांढरे झाले नाहीत, पण…

कागदावर सर्वांत अनुभवी अध्यक्ष शोधायचा झाला, तर जेम्स ब्यूकॅनन यांचं नाव हमखास येतं. दहा वर्षं प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, नंतर रशियात राजदूत, मग दहा-अकरा वर्षं सिनेटमध्ये, चार वर्षं परराष्ट्रमंत्री, त्यानंतर ब्रिटनमध्ये राजदूत. 1857 मध्ये ते अध्यक्ष झाले, तेव्हा यापेक्षा तयारीचा माणूस मिळणं अवघड होतं. 1860 च्या डिसेंबरात दक्षिणेकडची राज्यं फुटून निघू लागली. ब्यूकॅनन यांनी काँग्रेसला कळवलं, की राज्यांना फुटून निघायचा अधिकार नाही, पण त्यांना बळानं रोखायचा अधिकार केंद्र सरकारलाही नाही. थोडक्यात, काही करता येत नाही. मार्च 1861 मध्ये ते पायउतार झाले तोवर सात राज्यं बाहेर पडली होती. इतिहासकार अध्यक्षांची क्रमवारी लावतात, तेव्हा ब्यूकॅनन तळाशी असतात.

त्यांच्या जागी आलेल्या अब्राहम लिंकन यांच्याकडे काय होतं? इलिनॉय विधिमंडळात आठ वर्षं, वॉशिंग्टनला प्रतिनिधीगृहात फक्त दोन, आणि 1858 मध्ये सिनेटच्या लढतीत पराभव. त्यांनी आपल्या मंत्रिमंडळात आपल्याहून वरचढ माणसं घेतली, उमेदवारीसाठी आपल्याविरुद्ध लढलेली. त्यांतले विल्यम सिवर्ड न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आणि सिनेटर होते. लिंकन यांना पदावर बसून महिनाही झाला नव्हता, तेव्हा 1 एप्रिल 1861 रोजी सिवर्ड यांनी त्यांना एक टिपण पाठवलं. सरकारला धोरणच नाही, परकीय सत्तांशी वाकडं घेऊन देश एक करावा, आणि हे सगळं कोणा एकावर सोपवावं, असा त्याचा सूर होता. तो 'कोणी एक' म्हणजे आपण, हे सिवर्ड यांनी आडून सुचवलं होतं. लिंकन यांनी शांतपणे उत्तर लिहिलं, की जे करायचं असेल ते मलाच केलं पाहिजे. ते टिपण त्यांनी चव्हाट्यावर आणलं नाही, सिवर्ड यांना काढलंही नाही. पुढे तेच सिवर्ड त्यांचे सर्वांत विश्वासू सहकारी ठरले. मला यात निर्णयबुद्धीचा अर्क दिसतो. आपली जागा सोडायची नाही, आणि कामाचा माणूसही गमवायचा नाही.

यावरून अनुभव निरुपयोगी असतो असं कोणी म्हणू नये. हॅरी ट्रुमन यांचं उदाहरण बघा. 12 एप्रिल 1945 ला अध्यक्ष रूझवेल्ट वारले, तेव्हा ट्रुमन 82 दिवसांचे उपाध्यक्ष होते आणि अणुबॉम्ब बनतोय हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सविस्तर माहिती मिळायला 25 एप्रिल उजाडला. महायुद्ध चालू असताना देशाचा प्रमुख असा अंधारात असणं भयंकरच. अनुभवाचा खरा उपयोग इथे होतो. कोणाला काय विचारायचं, कुठला अहवाल बघायला मागायचा, कोणता अधिकारी गोष्ट गोड करून सांगतोय, हे अनुभवी माणसाला लवकर उमगतं. पण उमगलेल्यातून काय करायचं, ते अनुभव सांगत नाही. हर्बर्ट हूवर यांनी पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पुरवलं होतं, आठ वर्षांच्या आसपास व्यापारमंत्रिपद सांभाळलं होतं. 1929 ची महामंदी आल्यावर तोच कर्तबगार माणूस अध्यक्ष म्हणून अपुरा पडला. रिचर्ड निक्सन आठ वर्षं उपाध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षपदाचा शेवट 1974 च्या राजीनाम्यात झाला.

एकच मतदान, सगळेच अनुभवी

आता ओबामा-क्लिंटन वादाच्या मुळाशी असलेल्या मतदानाकडे येऊ. ऑक्टोबर 2002 मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करायची परवानगी सिनेटनं 77 विरुद्ध 23 मतांनी दिली. क्लिंटन, मॅकेन, जॉन केरी, जो बायडन, सगळ्यांनी होकार दिला. त्याच्या काही दिवस आधी, 2 ऑक्टोबरला, शिकागोच्या एका सभेत इलिनॉयचे राज्य सिनेटर ओबामा म्हणाले होते, की माझा सगळ्या युद्धांना विरोध नाही, मूर्खपणाच्या युद्धाला आहे.

एवढ्यावरून 'नवखा बरोबर, जाणकार चूक' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो अर्धाच खरा आहे. ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हते. त्यांना मत द्यायचं नव्हतं, न्यूयॉर्कसारख्या, नुकताच 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्याचा घाव सोसलेल्या राज्याला तोंड द्यायचं नव्हतं. मतदारसंघाचा रोष पत्करून घेतलेला निर्णय आणि सभेत केलेलं भाषण यांचं वजन सारखं धरता येत नाही.

नीट बघायचं तर त्या 23 जणांकडे बघावं. रॉबर्ट बर्ड त्यांत होते, चाळीसहून अधिक वर्षं सिनेटमध्ये काढलेले. टेड केनेडी होते. आणि फ्लोरिडाचे बॉब ग्रॅहम होते, सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष. इराककडच्या शस्त्रांविषयी सुमारे 90 पानांचा एक गोपनीय अहवाल सिनेटर मंडळींसाठी बंद खोलीत वाचायला ठेवला होता. त्यात परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानं, इराक पुन्हा अण्वस्त्रं बनवतोय या दाव्याशी आपण सहमत नसल्याचं नोंदवलं होतं. ग्रॅहम यांनी तो वाचला आणि विरोधात मत दिलं. सहकाऱ्यांनाही ते वाचा म्हणत होते. प्रत्यक्षात मोजक्याच सिनेटरांनी तो पूर्ण वाचला. क्लिंटन यांनीही तो स्वतः वाचला नव्हता, आपल्याला त्याची माहिती दिली गेली होती असं त्यांनी नंतर सांगितलं.

हा तपशील मला भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. होकार देणारे अनुभवी होते, नकार देणारेही अनुभवी होते. फरक कशात होता? समोर असलेला कागद स्वतः वाचण्यात, त्यातला मतभेद शोधण्यात आणि सगळे एका दिशेला निघालेले असताना थांबण्यात. उमेदवाराची पारख करताना 'किती वर्षं?' याऐवजी 'त्या दिवशी त्याच्यासमोर काय होतं, आणि त्यानं त्यातलं काय बघितलं?' असं विचारलं, तर कितीतरी अधिक हाती लागतं. निकाल बरोबर आला की चूक, याहून हा प्रश्न महत्त्वाचा, कारण चांगला विचार करूनही कधी फासे उलटे पडतात आणि वाईट विचार करूनही कधी नशीब साथ देतं.

ठेच लागल्यावर

निर्णयबुद्धी जन्मजात असते आणि तशीच राहते, असंही नाही. जॉन केनेडी अध्यक्ष झाल्यावर तीन महिन्यांत, 17 एप्रिल 1961 ला, सीआयएनं तयार केलेले सुमारे 1,400 क्यूबन निर्वासित क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली. हजारहून अधिक जण पकडले गेले. योजना आधीच्या सरकारनं सुरू केलेली होती, तज्ज्ञ छातीठोकपणे हमी देत होते, आणि बैठकीत कोणी मोठ्यानं शंका काढली नाही. ज्यांना शंका होती, त्यांतले काही जण गप्प बसले. केनेडींनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही, सरकारचा जबाबदार प्रमुख मी आहे असं पत्रकारांसमोर सांगितलं.

दीड वर्षानं, 16 ऑक्टोबर 1962 ला, त्याच क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आल्याचे फोटो त्यांच्यासमोर ठेवले गेले. या वेळी त्यांनी कामाची पद्धतच बदलली होती. वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका खोलीत बसवली, कोणीही कोणाच्या विषयात प्रश्न विचारावा अशी मोकळीक दिली, आणि काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत, कारण अध्यक्ष समोर असला की लोक त्याला आवडेल ते बोलतात. 19 ऑक्टोबरला सेनाप्रमुखांनी हवाई हल्ल्याचा एकमुखानं आग्रह धरला. हवाई दलाचे कर्टिस लमे तर म्हणाले, की हल्ला न करणं हे दुसऱ्या महायुद्धाआधी म्युनिकमध्ये हिटलरपुढे नमतं घेण्याइतकंच जवळजवळ वाईट आहे. केनेडींनी सगळं ऐकून घेतलं आणि क्यूबाची सागरी नाकेबंदी निवडली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे इतक्या जीवघेण्या प्रसंगी पाळणं किती अवघड असेल याची कल्पना करवत नाही. क्यूबात रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही आधीच पोचली होती, हे अमेरिकेला कित्येक वर्षांनंतर कळलं. हल्ला झाला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

म्हणजे अनुभव कामाला येतो, पण त्यातून शिकणाऱ्याच्याच. दोन वर्षांच्या अनुभवातून कोणी शहाणा होतो, तर कोणी तीस वर्षांत तीच चूक तीस वेळा करतो.

मतदाराला व्हाइट हाउसच्या खोलीत डोकावता येत नाही हे खरं. पण निवडणुकीआधीच एक निर्णय असा असतो, जो उमेदवाराला अध्यक्षासारखा घ्यावा लागतो : उपाध्यक्षपदाचा जोडीदार. 29 ऑगस्ट 2008 ला, आपल्या 72 व्या वाढदिवशी, मॅकेन यांनी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं. त्यांना अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. ओबामा नवखे आहेत हाच ज्यांच्या प्रचाराचा कणा होता, त्यांनीच अशी निवड करावी, याचा अनेकांना धक्का बसला. रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी 19 ऑक्टोबरला ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा या निवडीमुळे मॅकेन यांच्या निर्णयबुद्धीविषयी प्रश्न पडल्याचं त्यांनी सांगितलं.

धर्म : कोणता प्रश्न रास्त, कोणता नाही

1928 मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे मोठ्या पक्षाची उमेदवारी मिळवणारे पहिले कॅथलिक. ते 48 पैकी फक्त आठ राज्यं जिंकले. पराभवाला भरभराटीचा काळ, दारूबंदीचा वाद अशी इतरही कारणं होती, पण कॅथलिक अध्यक्ष पोपच्या हुकमानं चालेल ही भीती त्यांच्याविरुद्ध सर्रास पसरवली गेली. बत्तीस वर्षांनी तीच भीती केनेडींच्या वाट्याला आली. 12 सप्टेंबर 1960 रोजी ह्यूस्टनच्या राइस हॉटेलात, प्रोटेस्टंट पाद्र्यांनी भरलेल्या सभागृहात ते उभे राहिले.

ते भाषण आज वाचतानाही त्यातला नेमकेपणा जाणवतो. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिकही आहे, असं ते म्हणाले. सभा टेक्सासमध्ये होती, म्हणून त्यांनी टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अलामोच्या लढाईची आठवण काढली. तिथं बोवी आणि क्रॉकेट या नामवंत वीरांच्या बरोबरीनं मॅकॅफर्टी, बेली आणि कॅरी हेही पडले. ते कॅथलिक होते का, कोणाला ठाऊक नाही, कारण अलामोत धर्माची अट नव्हती. चार कोटी अमेरिकनांची अध्यक्ष होण्याची संधी बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी संपणार असेल, तर हरणार सगळा देश, हेही त्यांनी ऐकवलं. पण ते केवळ भावनेवर थांबले नाहीत. संततिनियमन, घटस्फोट, जुगार अशा विषयांवर आपण बाहेरच्या धार्मिक दडपणानं नव्हे, तर देशहित बघून आपल्या सदसद्विवेकानं निर्णय घेऊ. आणि पद व सदसद्विवेक यांत खरोखर तिढा पडलाच, तर राजीनामा देऊ, असं त्यांनी सांगितलं. नंतर पाद्र्यांचे प्रश्नही त्यांनी घेतले.

शब्द पाळला का? 1961 मध्ये केनेडी सरकारनं शाळांना केंद्राची मदत देणारं विधेयक आणलं आणि त्यातून चर्चच्या शाळा वगळल्या. कॅथलिक बिशप चिडले, न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी उघड विरोध केला. जुलैत ते विधेयक प्रतिनिधीगृहाच्या एका समितीत आठ विरुद्ध सात मतांनी अडलं, आणि निर्णायक विरोधी मत एका कॅथलिक डेमोक्रॅटचं होतं. देशातल्या पहिल्या कॅथलिक अध्यक्षाचा शिक्षण कायदा त्याच्याच पंथाच्या लोकांनी पाडला. ह्यूस्टनच्या भाषणाची खरी पावती इथं मिळते.

यातून एक भेद हाती येतो. 'तुम्ही कॅथलिक आहात का?' या प्रश्नानं मतदाराला काहीच कळत नाही. 'चर्चनं एक सांगितलं आणि कायद्यानं दुसरं, तर तुम्ही काय कराल?' हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो प्रोटेस्टंट, मॉर्मन, ज्यू, मुसलमान, हिंदू, नास्तिक अशा प्रत्येकाला, आपापल्या निष्ठांनुसार, विचारता येतो. श्रद्धेमुळे एखाद्याला गरिबांविषयी कळकळ वाटत असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे. पण ते धोरण राबवताना ती श्रद्धा नसलेल्यालाही पटेल असं कारण देता आलं पाहिजे. केनेडींनी ते दिलं. रॉम्नी यांनी 6 डिसेंबर 2007 ला टेक्सासमध्ये केलेल्या भाषणात केनेडींचा दाखला दिला, आपल्या चर्चचे अधिकारी आपल्या निर्णयांत ढवळाढवळ करणार नाहीत अशी ग्वाही दिली; पण स्वातंत्र्याला धर्माची गरज असते, असंही ते म्हणाले. मग ज्यांना धर्मच नाही, त्यांचं काय? ती बाजू भाषणात कोरीच राहिली, आणि तिथं रॉम्नी केनेडींपेक्षा एक पाऊल मागे होते असं मला वाटतं.

धार्मिक असणं हा चारित्र्याचा दाखला म्हणून मतदार खरंच वापरतात का, याचाही अनुभव बोलका आहे. जिमी कार्टर रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बाप्टिस्ट. 1980 मध्ये इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला शब्दशः प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, नेत्यांनी मोट बांधली ती मात्र रोनाल्ड रेगन यांच्यामागे, जे घटस्फोटित होते आणि चर्चला क्वचितच जात. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटनं 2011 मध्ये विचारलं होतं, की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीनं करू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी 30 टक्के हो म्हणाले. 2016 मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, 72 टक्के. पाच वर्षांत बायबल बदललं नव्हतं, उमेदवार बदलला होता. धर्माच्या नावानं दिलेलं मत पुष्कळदा 'हा आपल्या बाजूचा' एवढंच सांगत असतं.

ओबामांबाबत धर्माचे दोन प्रश्न होते, आणि त्यांची सरमिसळ झाली. त्यांचे पाद्री जेरेमाया राइट यांची जहाल प्रवचनं बाहेर आली, तेव्हा वीस वर्षं त्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला तुम्हाला यातलं काय मान्य आहे, असं विचारणं वाजवी होतं. 18 मार्च 2008 च्या फिलाडेल्फियातल्या भाषणात त्यांनी त्याचं सविस्तर उत्तर दिलं. दुसरा प्रश्न अफवेचा. ऑक्टोबरात मिनेसोटातल्या सभेत एक बाई 'ते अरब आहेत' म्हणाल्या, तेव्हा मॅकेन यांनी माइक परत घेतला आणि सांगितलं, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत एवढंच. स्वतःच्याच सभेत हे बोलायला धैर्य लागतं. तरी एक गोष्ट सुटली, ती नऊ दिवसांनी पॉवेल बोलले. ओबामा ख्रिस्ती आहेत हे उत्तर बरोबर आहे, पण खरं उत्तर असं, की मुसलमान असते तरी काय बिघडलं असतं?

त्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. 1937 मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेनं विचारलं, तेव्हा कॅथलिक उमेदवाराला मत देऊ म्हणणारे सुमारे 60 टक्के होते. 2019 मध्ये ते 95 टक्के झाले. मुसलमान उमेदवाराला 66 आणि नास्तिकाला 60.

आपल्या लोकांपुढचा प्रश्न

डिसेंबर 2023 मध्ये आयोवातल्या सीएनएनच्या कार्यक्रमात एका मतदारानं रिपब्लिकन उमेदवारी मागणारे भारतीय वंशाचे विवेक रामस्वामी यांना विचारलं, की तुमचा धर्म या देशाच्या संस्थापकांचा नव्हे, म्हणून तुम्ही अध्यक्ष होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? मी हिंदू आहे, सोयीसाठी ते लपवणार नाही, आणि मूल्यं आपली सारखीच आहेत, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. उत्तर सरळ होतं. पण अमेरिकेतल्या मराठी मतदारानं इथं स्वतःला तपासावं असं मला कळकळीनं वाटतं. हिंदू आहे म्हणून रामस्वामींना नाकारणं चूक, हे आपल्याला झटकन पटतं. हिंदू आहे म्हणून त्यांना मत देणं हीसुद्धा तीच चूक आहे. त्यांनी कुठलंही सरकारी पद सांभाळलेलं नव्हतं. त्यांचं परराष्ट्र धोरण काय, सरकारी नोकऱ्या सरसकट कापायची त्यांची कल्पना कशी राबवणार, हे विचारायला हवं होतं. कमला हॅरिस यांची आई तमिळ होती, जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा हिंदू आहेत, हे वाचून बरं वाटणं स्वाभाविक आहे. मत देताना त्याला किंमत शून्य.

पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्यांच्या दिवसांत आयोवा, न्यू हॅम्पशरसारख्या राज्यांत उमेदवार शाळांच्या सभागृहांत, हॉटेलांत येतात आणि साधा मतदारही हात वर करून प्रश्न विचारू शकतो. माझ्या मते सर्वांत जास्त माहिती देणारा प्रश्न हा : तुमचा कोणता निर्णय चुकला, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? एप्रिल 2004 मध्ये पत्रकार परिषदेत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना विचारलं गेलं, की 11 सप्टेंबरनंतरची तुमची सर्वांत मोठी चूक कोणती? आत्ता पटकन सुचत नाही, असं ते म्हणाले. ऑक्टोबरमधल्या वादफेरीत एका मतदार बाईंनी तीन चुका सांगा म्हटलं, तेव्हाही काही नेमणुका चुकल्या इतकंच म्हणून ते थांबले, नावं घेतली नाहीत. ओबामांनी 2016 मध्ये, पद सोडायच्या वर्षी, बहुधा सर्वांत मोठी चूक म्हणून लिबियाचं नाव घेतलं : तिथला हुकूमशहा गद्दाफी गेल्यानंतरच्या दिवसाची तयारी केली नव्हती. 2008 मध्ये ज्या इराकवरून त्यांनी इतरांना बोल लावले, तिथली चूकही जवळपास हीच होती. ती त्यांच्या हातून का झाली, हा पुढचा प्रश्न त्यांना कोणी तरी विचारायला हवा होता.